रॅम्पच्या आधीचं दार

बदलापूरच्या मांजर्लीत आता कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची सून मेलबर्नला ही बातमी राहिलेली नाही. आयईएलटीएसमध्ये किती बँड आले, शिक्षणकर्जाला तारण काय ठेवलं, कुठल्या शहरात पार्ट टाइम काम चटकन मिळतं, हे इथं वाण्याच्या दुकानातही कानावर पडतं. या बोलण्यात एक घर मात्र कुणी धरत नाही: ज्या घरात कुणी व्हीलचेअरवर आहे, कुणाला दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा ज्यांचं मूल सेरेब्रल पाल्सीचं किंवा डाउन सिंड्रोमचं आहे. अशा घराला सल्ला मिळतो तो एकाच छापाचा. 'तिकडे जा, तिकडे अपंगांसाठी सगळं असतं.'

तिकडे सगळं असतं हे बऱ्याच अंशी खरंच आहे. पण ते कुणासाठी असतं आणि कितव्या वर्षापासून मिळतं, हे सल्ला देणारा सांगत नाही, कारण त्याला ते माहीतच नसतं. उतरते फुटपाथ, दाराशी झुकणारी बस, बोलणारा सिग्नल एवढंच त्यानं पाहिलेलं असतं. या सगळ्याच्या आधी एक दार लागतं, आणि त्या दारातून आत गेल्यावरही हक्क सुरू होईपर्यंत काही वर्षं जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो. दिव्यांग माणसाच्या स्थलांतरात देश कुठला हा दुय्यम प्रश्न आहे. कुठल्या व्हिसावर जाणार, कुठल्या वयात जाणार आणि मधली वर्षं कशाच्या जोरावर काढणार, यावर सगळं ठरतं.

परदेशाकडे वळण्याआधी एकच स्टेशन पुढे जाऊ. बदलापूर सोडलं की लागणाऱ्या वांगणीत गेल्या काही दशकांत अंध कुटुंबं मोठ्या संख्येनं येऊन राहिली आहेत. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून पोटासाठी मुंबईकडे आलेली ही माणसं. खोलीचं भाडं मुंबईच्या मानानं कमी आणि लोकल हाकेच्या अंतरावर, एवढं गणित पुरेसं होतं. यातले बरेच जण गाडीत पेन, किचेन, कार्डांची पाकिटं, मोबाइलची कव्हरं विकतात. दुपारच्या रिकाम्या गाडीत ही विक्री नीट पाहावी. माल गळ्यात अडकवलेला, एक हात वरच्या कडीला, आवाज ठरलेल्या पट्टीत. नोट हाती आली की ती बोटांवर आडवी धरून लांबीचा अंदाज घ्यायचा. 2016 नंतरच्या नोटा लहान झाल्या, आकारानं एकमेकींच्या जवळ आल्या आणि बोटांचा जुना हिशेब चुकायला लागला. रिझर्व्ह बँकेनं 2020 च्या जानेवारीत नोट ओळखणारं 'मनी' नावाचं ॲप काढलं. पण धावत्या डब्यात फोनसमोर नोट धरून बसायला गिऱ्हाइकाला वेळ नसतो. त्यात फेरीचा धंदा रेल्वेच्या कायद्यात बसत नाही, म्हणून रेल्वे सुरक्षा दलाची (आरपीएफ) धास्ती कायमची. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे लोकल थांबली तेव्हा यांची कमाई त्याच दिवशी थांबली.

वांगणी देशाला ठाऊक झाली ती 17 एप्रिल 2021 च्या चित्रफितीमुळे. अंध आईच्या हाताशी असलेलं मूल फलाटावरून रुळांवर पडलं, समोरून एक्स्प्रेस येत होती आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन ते वर उचललं. बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी त्या मुलासाठी दिला. कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण फलाटाची कड पायाला कळावी, पांढऱ्या काठीला सापडावी, ही मागणी त्या कौतुकाच्या गजरात मागे पडली.

वांगणीचं उदाहरण मी मुद्दाम आधी घेतलं. याच रेल्वेमार्गावरचं उल्हासनगर सरकारनं वसवलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकी दिल्या आणि 1949 मध्ये त्या वस्तीला गावाचं नाव मिळालं; आजही तिथला पत्ता 'कॅम्प नंबर तीन' असाच सांगतात. वांगणीतल्या अंध वस्तीला असा कुठला आदेश नव्हता. एकानं खोली घेतली, त्यानं ओळखीच्या दुसऱ्याला बोलावलं. दुकानदाराला सवय झाली, रिक्षावाल्याला घरं पाठ झाली. नव्या जागी दिव्यांग माणूस रुजतो तो असा, आधी आलेल्यांच्या माहितीवर. परदेशात हीच गोष्ट सर्वांत दुर्मीळ असते. न्यू जर्सीत मराठी मंडळ सापडतं, पण त्या मंडळात व्हीलचेअरवरचं दुसरं घर सापडेलच असं नाही.

आपल्याकडून परदेशी जाऊन रुजलेल्या दिव्यांग माणसांचा इतिहास तसा जुना आहे, आणि त्यातलं सर्वांत ठळक नाव मुंबईतल्या एका शाळेतून जातं. वेद मेहता लाहोरचे, जन्म 1934 चा. मेंदूज्वरानं चौथ्या वाढदिवसाच्या आसपास दृष्टी गेली आणि डॉक्टर वडिलांनी पाच वर्षांचंही नसलेलं ते पोर थेट दादरच्या अंधशाळेत पाठवलं. अमेरिकन मिशनची ही शाळा 1900 च्या सुमारास सुरू झालेली. आज ती कमला मेहता दादर अंधशाळा म्हणून ओळखली जाते. लाहोरच्या सुखवस्तू घरातून आलेला हा मुलगा तिथं गरीब आणि अनाथ मुलांमध्ये वाढला, वारंवार आजारी पडला. पुढे अमेरिकेतल्या एकामागून एका शाळेनं त्याला नाकारलं. होकार आला तो आर्कन्सॉतल्या लिटल रॉकच्या अंधशाळेचा. 1949 मध्ये, पंधराव्या वर्षी, तो एकटा विमानानं गेला. पुढे पोमोना, ऑक्सफर्ड, हार्वर्ड. 1961 पासून 'द न्यूयॉर्कर'मध्ये नोकरी. 1975 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व. हातात काठी नाही, सोबत कुत्रा नाही, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एकटं चालणं. 2021 मध्ये ते वारले.

ही गोष्ट प्रेरणा म्हणून सांगितली जाते, आणि मला त्याचाच थोडा कंटाळा येतो. तिच्यातला कामाचा भाग वेगळा आहे. मेहता विद्यार्थी म्हणून गेले, एका शाळेनं त्यांना पत्र दिलं म्हणून गेले, आणि तिथं एकट्यानं हिंडायला-फिरायला शिकले. म्हणजे दार शिक्षणाचं होतं आणि मधली वर्षं वसतिगृहात गेली. दिव्यांग प्रौढांसाठी आजही हाच रस्ता सर्वांत कमी काट्यांचा आहे. केंद्र सरकारच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाची परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला सगळ्या देशातून फक्त 20 जागा, त्यातल्या 6 मुलींसाठी. 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यापुढे 20 हा आकडा काय बोलतो, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण परत आलेल्याचं. कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी पोलिओमुळे व्हीलचेअरवर आले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनं अपंगत्वाचं कारण दाखवून आधी प्रवेश नाकारला होता, त्यासाठी त्यांना झगडावं लागलं. पुढे सिएटलला अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकून ते मुंबईला परतले आणि 1983 मध्ये भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण त्यांनी केलं. प्रवेशाच्या वेळी दार बंद केलं ते इथल्याच माणसांनी, हे परदेशाला नावं ठेवताना विसरून चालणार नाही.

आता त्या दाराकडे येऊ. त्याची बिजागरी जुनी आहे. अमेरिकेनं 1882 मध्ये कायदाच केला की वेडसर, मंदबुद्धी किंवा स्वतःचा सांभाळ करू न शकणारा आणि म्हणून सरकारवर बोजा ठरेल असा माणूस बंदरातूनच परत पाठवावा. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडवर डॉक्टर जिना चढणाऱ्या माणसांकडे पाहत उभे राहत आणि संशय आला की कोटावर खडूनं अक्षर काढत: लंगडत असेल तर 'एल', डोळ्यांसाठी 'ई', हृदयासाठी 'एच', बुद्धीबद्दल शंका आली तर 'एक्स'. आज खडू नाही, आकडेमोड आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये अपंग हक्कांचा करार केला. त्याच्या अठराव्या कलमात ये-जा करण्याचं आणि राष्ट्रीयत्वाचं स्वातंत्र्य आहे. भारतानं तो 2007 मध्ये मान्य केला. ऑस्ट्रेलियानं 2008 मध्ये मान्य करताना सोबत निवेदन जोडलं, की यानं परदेशी माणसाला आमच्या देशात येण्याचा हक्क मिळत नाही आणि आमच्या आरोग्यविषयक अटींना धक्का लागत नाही. आपल्या अपंग नागरिकाला सन्मान आणि बाहेरच्या अपंगाला हिशेब, हे दोन्ही एकाच कागदावर.

समजा, मांजर्लीतलं एक जोडपं आहे. तो सॉफ्टवेअर तपासणीत, ती नर्स, आणि नऊ वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीची. चालायला वॉकर, बोलणं अस्पष्ट, बुद्धी तल्लख. हे घर चार-पाच देशांच्या दारांशी उभं करून पाहू.

ऑस्ट्रेलियात सरकारी डॉक्टर या मुलीच्या पुढल्या काही वर्षांच्या वैद्यकीय आणि सामाजिक सेवांचा अंदाजे खर्च काढतो. जुलै 2024 पासून मर्यादा 86,000 ऑस्ट्रेलियन डॉलरची आहे. अवस्था कायमची असेल तर हिशेब दहा वर्षांपर्यंतही लांबवता येतो. गंमत पुढेच आहे. खर्च या मुलीचा धरत नाहीत, तर तिच्यासारखीच अवस्था असलेल्या एका काल्पनिक व्यक्तीचा धरतात. 'आम्ही सरकारकडून काही घेणार नाही, सगळं पदरचं करू' असं आईवडिलांनी कितीही सांगितलं तरी तो हिशेब हलत नाही. आणि कुटुंबातला एक नापास तर सगळे नापास. 1992 चा अपंगांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा कायदा या देशात आहे, पण स्थलांतराचे निर्णय त्यातून वगळलेले आहेत. 2008 मध्ये व्हिक्टोरियातल्या हॉर्शम या आडगावात काम करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरला मुलाच्या डाउन सिंड्रोमवरून कायमचा रहिवास नाकारला गेला. गावाला डॉक्टर हवा होता, गाव उठलं, पत्रकार उठले, आणि शेवटी मंत्र्यांनी हस्तक्षेप करून रहिवास दिला. काही व्हिसांमध्ये सूट मागता येते, विशेषतः मालक प्रायोजित करतो तेव्हा. आमच्या कल्पित घरातली नर्स म्हणूनच महत्त्वाची; अर्ज तिच्या नावानं, योग्य वर्गात केला तर वाट उरते. एजंट बहुधा नवऱ्याच्या नावानं भरतो.

न्यूझीलंडमध्येही हीच तऱ्हा. तिथली मर्यादा 2022 मध्ये 41,000 वरून 81,000 न्यूझीलंड डॉलरवर नेली. ब्राझीलहून तिथं आलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या ज्युलियाना कार्व्हालो यांना नकारांशी आणि अपिलांशी वर्षानुवर्षं झुंजून 2020 मध्ये रहिवास मिळाला.

कॅनडाचं प्रकरण जास्त अभ्यासण्यासारखं आहे, कारण तिथं नियम बदलला. कायद्याच्या 38 व्या कलमात आरोग्य आणि सामाजिक सेवांवर 'अवाजवी भार' टाकणाऱ्याला नाकारण्याची सोय आहे. 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हिलेविट्झ प्रकरणात सांगितलं, की माणूस पाहा, त्याच्या घरची ऐपत आणि तयारी पाहा, नुसत्या निदानावरून ठरवू नका. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या काल्पनिक व्यक्तीच्या बरोब्बर उलट. 2016 मध्ये यॉर्क विद्यापीठात शिकवणारे कोस्टारिकाचे प्राध्यापक फेलिपे मोंतोया यांच्या कुटुंबाला मुलाच्या डाउन सिंड्रोमवरून नकार आला आणि बरंच वादळ झालं. 2018 मध्ये सरकारनं खर्चाची मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षण, पुनर्वसन, वैयक्तिक मदतनीस यांचा खर्च हिशेबातून काढला. 2025 साठी ही मर्यादा वर्षाला 27,162 कॅनेडियन डॉलर होती. आमच्या वॉकरवाल्या मुलीचा खर्च मुख्यतः शाळा आणि थेरपीचा. तो आता बाजूला निघाला. महागडी औषधं चालू असतील तर मात्र अडचण राहते. अधिकाऱ्याला शंका आली तर तो नकाराआधी पत्र पाठवतो आणि उत्तराला मुदत देतो. ते पत्र आलं की घरोघरी रडारड सुरू होते, खरं तर ती कामाला लागण्याची वेळ असते: डॉक्टरचा ताजा अहवाल, औषधाच्या जेनेरिक पर्यायाची किंमत, खर्च कसा भागवणार याचा लेखी आराखडा.

ब्रिटनमध्ये असा खर्चाचा हिशेबच नाही. भारतातून जाणाऱ्याला क्षयरोगाचा दाखला लागतो आणि आरोग्य अधिभार भरावा लागतो, 2024 पासून बहुतेक प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड. अपंग असो नसो, रक्कम तीच. जर्मनीतही नोकरीच्या व्हिसाला अपंगत्व आडवं येत नाही. चरितार्थ आणि विमा दाखवला की झालं. जर्मनीबद्दल आपल्याकडे भाषेच्या भीतीनं फारसं कुणी विचारत नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं. तिथं कायदेशीर रहिवास असलेल्या परक्यालाही अपंगत्वाचं कार्ड मिळतं. 50 किंवा त्याहून जास्त अंश ठरले की नोकरीवरून काढताना खास संरक्षण, वर्षाला एक आठवडा जास्तीची पगारी रजा, करात सवलत. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या मालकाला पाच टक्के जागा अशा कामगारांना द्याव्या लागतात, नाहीतर दंड भरावा लागतो. कमावत्या, शिकलेल्या, व्हीलचेअरवरच्या इंजिनियरला मी आज विचारलं तर जर्मनीच सांगेन.

अमेरिकेत अपंगत्व हे स्वतः नकाराचं कारण नाही. 'सरकारवर बोजा' हा 1882 चा शब्दप्रयोग मात्र अजून कायद्यात आहे, आणि सरकार बदललं की त्याचा अर्थ सैल किंवा घट्ट होतो. 2019 मध्ये तो आवळला, 2022 मध्ये सैल केला, आणि 2025 च्या अखेरीस अर्जदाराचे आजार आणि उपचारखर्च बारकाईनं पाहण्याच्या सूचना वकिलातींना गेल्या. तरीही तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा मिळाला तर आमचं जोडपं मुलीसह तिथं पोचण्याची शक्यता बरीच आहे. खरा प्रश्न पोचल्यावरचा.

तिथं मुलीला पहिल्याच वर्षी जे मिळेल, ते इथं स्वप्नवत वाटेल. 1975 च्या कायद्यानं प्रत्येक अपंग मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि त्याला साजेसं शिक्षण, आणि ते व्हिसा न विचारता. शाळेची पिवळी बस लिफ्टसह दारात येते. आईवडील, शिक्षक, थेरपिस्ट एका टेबलाशी बसून वर्षाचा वैयक्तिक आराखडा लिहितात. मराठी आईवडील त्या बैठकीत बहुधा गप्प बसतात, सर काय म्हणतील म्हणून, आणि निम्मं तिथंच सोडून येतात. ज्यांना हे कळलं ते भांडायला शिकतात.

शाळेबाहेर मात्र परिस्थिती फिरते. अपंगांसाठीचं मासिक सरकारी साहाय्य तात्पुरत्या व्हिसावाल्याला नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही बहुतेकांना मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. मुलांसाठी काही राज्यांनी ही अट काढली आहे. घरी मदतनीस देणाऱ्या योजनांना राज्याराज्यांत रांगा आहेत. टेक्सासमध्ये काही रांगा दहा वर्षांहून लांब. आणि ही रांग राज्याची असते. नोकरीसाठी डॅलसहून न्यू जर्सीला गेलं की पुन्हा शेवटून सुरुवात. तिथं मुरलेले पालक नव्यांना म्हणून पहिल्या महिन्यातच सांगतात, की पात्रता कधी येईल ते येईल, नाव आज घाला.

इतर देशांतही ही मधली वर्षं आहेतच. ऑस्ट्रेलियाची गाजलेली राष्ट्रीय अपंग विमा योजना 2013 ची. ती नागरिकांना आणि कायम रहिवाशांना, तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नाही. तिथलं अपंग निवृत्तिवेतन नव्या स्थलांतरिताला साधारणपणे दहा वर्षांच्या रहिवासानंतर. ब्रिटनमध्ये व्हिसाची अटच असते, की सरकारी भत्त्यांवर हक्क नाही. तिथला अपंग विद्यार्थी भत्ता परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. पण 2010 च्या समानता कायद्यानं विद्यापीठाला योग्य ती सोय करावीच लागते, मग विद्यार्थी बदलापूरचा असो की ब्रिस्टलचा. हे प्रवेशाआधी लेखी मागावं लागतं, आणि आपली मुलं ते लपवतात, प्रवेश जाईल या भीतीनं.

सर्वांत कठीण भिंत वयाची. अमेरिकेत आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेलं मूल 21 वर्षांचं झालं की त्याचं अवलंबित्व कायद्यानं संपतं. स्वतः जेवता येत नसलं तरी संपतं. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग दहा वर्षांहून मोठी, त्यामुळे मूल आठव्या-नवव्या वर्षी नेलं तर भिंत कधी येणार, हे जाण्याआधीच मोजता येतं. कॅनडात 22 वर्षांनंतरही, शारीरिक किंवा मानसिक अवस्थेमुळे मूल आईवडिलांवर अवलंबून असेल तर ते अवलंबितच धरतात. आणि ज्या देशाकडून कुणी अशी अपेक्षा करत नाही त्या संयुक्त अरब अमिरातीत 2022 च्या सुधारणांनंतर मुलगा 25 वर्षांपर्यंत वडिलांच्या रहिवासावर राहू शकतो, आणि अपंग अपत्य कुठल्याही वयापर्यंत. नोकरी गेली की सगळंच जातं, हे तिथलं दुखणं. पण एवढ्या एका कलमासाठी दुबईतलं एखादं मराठी कुटुंब अमेरिकेची संधी सोडत असेल तर त्याला कुणी वेड्यात काढू नये.

कायद्याच्या पलीकडे घर उरतं. मांजर्लीतल्या जुन्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत व्हीलचेअर म्हणजे तुरुंगच. पण त्याच इमारतीत खालचा रिक्षावाला उचलून बसवतो, कामाच्या बाई अर्धा तास थांबतात, आजी भरवते, शेजारची ताई शाळेतून आणते. यातलं काहीही हक्काचं नाही, सगळं माणसांच्या मर्जीवर. तरी दिवस त्यावर चालतो. तिकडे इमारतीला लिफ्ट, बाथरूमला दांड्या, आणि हात मात्र दोन जणांचेच चार. मदतनीस एजन्सीकडून घ्यायचा तर अमेरिकेत तासाला तीस डॉलरच्या आसपास. शेवटी दोघांपैकी एकाचं करिअर थांबतं, आणि ते बहुधा तिचं. आमच्या कल्पित घरातली नर्स, जिच्या पदवीवर दार उघडू शकलं असतं, तीच घरी बसते.

प्रौढ माणसाचा अनुभव बऱ्याचदा याच्या उलट असतो. मुंबईत अंध मुलगी घराबाहेर पडली की कुणीतरी दंड धरून रस्ता ओलांडून देतं, तिनं मागितलेलं असो वा नसो. तिकडे कुणी हात लावत नाही. सिग्नल आवाज देतो, बस थांबा सांगते, आणि ती एकटी जाते. पहिले सहा महिने एकटेपण खातं, मग त्याचीच चटक लागते. म्हणून माझा अंदाज असा, की शिकलेल्या, नोकरी हाती असलेल्या प्रौढ दिव्यांगाला परदेश जेवढा फळतो, तेवढा दोन्ही पालक तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या, चोवीस तास मदत लागणाऱ्या मुलाच्या घराला फळत नाही. सल्ला मात्र याच दुसऱ्या घराला जास्त मिळतो.

कर्णबधिरांची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडच्या कित्येक मुलांना ओठ वाचायला शिकवलं ते मराठीत. परदेशात इंग्रजी ओठ नव्यानं वाचावे लागतात. खुणांचंही तसंच. भारतीय सांकेतिक भाषेची अक्षरं दोन हातांची, अमेरिकेतली एका हाताची, आणि तिचं मूळ फ्रान्सकडचं. वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या 1864 पासूनच्या कर्णबधिर विद्यापीठात मुंबईहून गेलेला मुलगा पहिल्या वर्षी जणू दोनदा परदेशी असतो. पण एकदा भाषा हाती आली की कँटीनपासून व्याख्यानापर्यंत सगळं गाव त्याच भाषेत बोलतं. असं गाव त्याला इथं मिळालेलं नसतं.

स्वमग्न मुलांच्या घरांत भाषेवरून एक नुकसान हमखास होतं. घरी एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला, असा सल्ला अनेक पालकांना तिकडे मिळत आला आणि अनेकांनी मराठी बंद केली. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची वाढ मागे पडते याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. मराठी मात्र गेली, आणि बदलापूरहून व्हिडिओ कॉल करणाऱ्या आजीला नातवाशी बोलायला काही उरलं नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात. निव्वळ अपंगत्वावरून प्रवाशाला विमानातून उतरवता येत नाही हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये जीजा घोष प्रकरणात स्पष्ट करून दहा लाखांची भरपाई दिली. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरची काढता येणारी लिथियम बॅटरी साधारण 300 वॉट-तासांच्या आतली लागते. मोठी असेल तर ती विमानतळावर अडकते. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची, म्हणून चार्जर आधी तपासावा. उल्हासनगरच्या किंवा ठाण्याच्या सरकारी रुग्णालयातून मिळवलेला दाखला आणि यूडीआयडी हे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र परदेशात चालत नाहीत, तिथं पुन्हा तपासणी होते. तरी मूळ वैद्यकीय अहवाल, शस्त्रक्रियांची कागदपत्रं, शाळेचे अहवाल इंग्रजीत करून न्यावेत, कारण तिथला तज्ज्ञ भेटायला महिनोन्महिने लागतात.

परतणाऱ्यांचं कुणी लिहीत नाही, आणि परतणारे पुष्कळ असतात. 21 व्या वर्षाच्या भिंतीमुळे, आजीआजोबांमुळे, कधी नुसत्या थकव्यामुळे. त्यांना इथं काय भेटतं याचा नमुना मुंबईनं ऑक्टोबर 2023 मध्ये पाहिला. अमेरिकेत वाढलेल्या आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्त्या विराली मोदी यांचं लग्न नोंदवायचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाही. त्यांना जिन्यानं उचलून न्यावं लागलं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तेव्हा लागू होऊन सहा वर्षं उलटली होती.

परतण्याच्या कागदांत दोन गोष्टी बहुतेकांना उशिरा कळतात. आयकरातल्या 80डीडी आणि 80यू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपंगत्वाच्या वजावटी फक्त भारतात निवासी असलेल्या करदात्याला मिळतात. मूल इथं आजीकडे ठेवून दुबईत कमावणाऱ्या अनिवासी बापाला त्या नाहीत. आणि मुलाचा जन्म तिकडे झाला, त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डावर तो इथं आयुष्यभर राहू शकतो, पण यूडीआयडी कार्ड भारतीय नागरिकाला असतं, आणि त्याला जोडलेल्या योजनाही. मूल भारतीय नागरिक असेल आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठराव्या वर्षानंतर त्याला कायदेशीर पालक नेमून घेता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा. मांजर्लीकरांसाठी ती समिती ठाण्याला. परदेशी जाणाऱ्या घरात प्रौढ दिव्यांग भाऊ किंवा बहीण मागे राहणार असेल, तर हा अर्ज तिकीट काढण्याआधीचा आहे. आई गेल्यावर कुणीतरी मेलबर्नहून धावत येऊन तो भरायला लागलं, की बँकेतलं खातंही गोठलेलं असतं.